अठराशे पॉइंटांची बॅग

साळूबाई खरातांनी कामावर जाणं थांबवलं ते एकोणसाठाव्या वर्षी, आणि तेही मुलानं हात जोडले म्हणून. त्याआधीची चौतीस वर्षं त्या बदनापूरच्या शेतकी संशोधन केंद्राच्या प्लॉटांवर रोजंदारीनं खुरपायला जात होत्या. तुरीच्या ओळी, मुगाच्या ओळी, आणि प्रत्येक प्लॉटाच्या तोंडाशी नंबराची पाटी. साळूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण त्या पाट्यांमुळे आकडे मात्र पक्के झाले होते. मुकादमानं चारशे बाराला जा म्हटलं की त्या सरळ चारशे बारावर जाऊन बसत.

त्यांचा नवरा कचरू, मुलगा सहावीत असतानाच गेला. खुरप्याच्या जोरावर त्यांनी पुंजारामला आयटीआय केलं. तो जालन्याला सळयांच्या कारखान्यात लागला, शिकलेली सून मिळाली. बेबीनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. घर पक्कं झालं, दारात नळ आला, आणि मग गुडघे बोलायला लागले तेव्हा मुलानं आईचं खुरपं माळ्यावर टाकलं.

आराम साळूबाईंना मानवला. सकाळी उठायची घाई नाही, दुपारी डोळा लागला तर कुणी हाक मारत नाही. खुपत होती ती एकच गोष्ट. हजेरीचे पैसे मिळत त्या दिवशी घरी येताना त्या नात संघमित्रासाठी काही ना काही आणायच्या. कधी शेव, कधी केसाच्या पिना, एकदा तर छत्री. आता मुलगा महिन्याच्या एक तारखेला दोनशे रुपये हातावर ठेवायचा. न मागता ठेवायचा, प्रेमानं ठेवायचा. पण त्या पैशाची शेव आणली तर ती पुंजारामनंच आणल्यासारखी व्हायची, आणि मित्रासुद्धा खाताना म्हणायची, पप्पांनी दिले का पैसे?

क्रेडिट कार्ड घरात आलं ते दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात. जालन्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, तिथं दाराशीच टाय लावलेली दोन पोरं टेबल टाकून बसली होती. पगाराची पावती दाखवा, सही करा, बास. बेबीनंदानं बाकीच्या बायांनी केली म्हणून सही केली, आणि महिन्याभरानं पंचवीस हजारांची मर्यादा असलेलं चकचकीत कार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं.

साळूबाईंनी ते हातात घेतलं नाही. आधी वस्तू, मग पैसे, म्हणजे उधारीच की. उधारीचा एक पैसा न ठेवता पोर वाढवलं याचा त्यांना अभिमान होता. बेबीनंदानं त्यांना दोन संध्याकाळी बसून समजावलं. महिन्याचं बिल आलं की तारखेच्या आत सगळेच्या सगळे पैसे भरायचे, मग व्याज लागत नाही. आणि वर, जेवढा खर्च कार्डावरून होईल त्याच्यावर बँक पॉइंट देते. शंभराला दोन. पॉइंट साठले की वस्तू मिळते. किराणा दुकानदार दिवाळीला साबणाची वडी फुकट देतो, तसलं.

ते साबणाचं साळूबाईंना कळलं. बँकेला गिऱ्हाईक टिकवायचं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

वस्तूंचं पुस्तक पोस्टानं आलं त्या दिवशी सून शाळेत होती. साळूबाई एकट्याच ते चाळत बसल्या. कुकर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, काचेच्या वाट्या. सोळाव्या पानावर एक निळी बॅग होती, चाकांची, वर ओढायचा दांडा. खाली आकडा होता, एक आठ शून्य शून्य.

मित्रा तेव्हा बारावीत गेली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं, औरंगाबादला, होस्टेलवर राहून. गुण पडले तर पुढच्या ऑगस्टात निघायचं. साळूबाई पान उघडंच ठेवून बसल्या, आणि सून घरात पाय ठेवते तोच त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं.

बेबीनंदानं हिशोब करून दाखवला. अठराशे पॉइंट म्हणजे नव्वद हजारांचा खर्च. आपलं लाइट बिल, फोनचं बिल, विम्याचा हप्ता सगळं मिळून वर्षाला वीस हजारही होत नाही. बॅग मिळेपर्यंत पोरगी नर्स होऊन परत येईल.

“आपलं न्हाई होत,” साळूबाई म्हणाल्या, “पण गल्लीचं होतं की.”

म्हणजे काय, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. गल्लीत सोळा घरं. प्रत्येकाला लाइट बिल भरायला उन्हात रांगेत उभं राहावं लागतं. खिडकी दहाला उघडते आणि एकला बंद होते, आणि पुढचा माणूस सुट्ट्या पैशांवरून भांडत बसला तर दुसऱ्या दिवशी परत. त्यांची बिलं आपण गोळा करायची, नोटा हातात घ्यायच्या, आणि सुनेनं शनिवारी सकाळची शाळा सुटली की स्टेशनजवळच्या नेट कॅफेत बसून कार्डावरून भरून टाकायची. छापील पावती लोकांना, पॉइंट आपल्याला.

बेबीनंदाला हसू आलं, आणि मग राग आला. कॅफेवाला तासाला वीस रुपये घेतो, तिचा शनिवार जातो, आणि लोकांच्या पैशाची जोखीम वेगळी. बॅग दुकानात चौदाशेला मिळते. ती म्हणाली, “आत्याबाई, मी पगार झाला की सरळ घेऊन येते. कशाला एवढा उपद्व्याप?”

साळूबाईंनी त्या पानाचा कोपरा बोटानं सरळ केला. मग म्हणाल्या, “तू आणशीन गं. पण मंग ती तू आणलेली राहीन.”

सुनेनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, शनिवारी बारा वाजेपर्यंत बिलं हातात पडली पाहिजेत, नंतर आलेली मी घेणार नाही.

साळूबाईंनी स्वतःचे दोन नियम केले. नोटा आधी, बिल मागून. आणि पैसा घरच्या पैशात मिसळायचा नाही. प्रत्येक बिलाची घडी करून त्यात त्याच्याच नोटा ठेवायच्या आणि वरून दोरा गुंडाळायचा. बिलावरच्या ग्राहक क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे त्यांनी पाठ केले. महिन्या-दोन महिन्यांत गल्लीतली घरं त्यांच्या तोंडी प्लॉटांसारखी झाली. दोनशे सातचं बिल आलं का, सहाशे एक्क्याण्णवनं या महिन्याला कूलर लावलेला दिसतो. लोक हसायचे. कांताबाई शिंपीण तर त्यांना बिलवाली म्हणून हाक मारायची, आणि साळूबाई ओ द्यायच्या.

सोळातल्या चौदा घरांनी बिलं दिली. पुढं बेबीनंदाच्या शाळेतल्या दोघींनी फोनची बिलं दिली. सोमवारी सून नोटा आपल्या खात्यात भरायची, आणि कार्डाचं बिल आलं की मुदतीच्या आठ दिवस आधी चेक बँकेच्या जालन्यातल्या पेटीत पुंजारामच्या हातून पडायचा. वर्षभरात एकदाही व्याज लागलं नाही. साळूबाई दर महिन्याला विचारून खात्री करून घेत, आणि सून दर महिन्याला न चिडता कागद दाखवी.

दिवाळीच्या सुमारास गल्लीच्या टोकाचे रामराव आले. त्यांच्या मोटारसायकलच्या कर्जाचा हप्ता थकला होता. हप्ता कार्डावरून भरा, पैसे पुढच्या महिन्यात देतो, तुमचेच पॉइंट वाढतील, असं त्यांनी फार गोड बोलून सांगितलं. रक्कम मोठी होती, पॉइंटही चांगले पडले असते. बेबीनंदा आतून ऐकत होती आणि सासू काय म्हणते याची तिला धाकधूक होती. साळूबाईंनी रामरावांना चहा दिला, त्यांच्या गाडीचं कौतुक केलं आणि सांगितलं की नोटा आणा, आजच्या आज भरू. एका कर्जावर दुसरं कर्ज टाकायला कार्ड न्हाई आणलं आम्ही. रामराव चहा पिऊन गेले ते परत आले नाहीत. त्या रात्री सुनेनं सासूला न विचारता त्यांच्या ताटात तुपाची धार जरा जास्तच सोडली.

मित्राला बारावीला चौऱ्याहत्तर टक्के पडले. नंबर लागला. दहा ऑगस्टला होस्टेलवर हजर व्हायचं पत्र आलं. बॅगेबद्दल तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईची जुनी रेक्झिनची पिशवी धुऊन ती वाळत घालत होती, आणि साळूबाई ते बघून न बघितल्यासारखं करत होत्या.

पण जुलैत गणित चुकलं. उन्हाळाभर बारा-बारा तास लोडशेडिंग होतं. गल्लीतली लाइट बिलं निम्म्यावर आली. सगळी गल्ली खूश होती, तक्रार एकट्या साळूबाईंची. त्यात दोन भाडेकरू घर सोडून गेले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बेबीनंदानं बँकेला फोन लावला तेव्हा पॉइंट भरले सोळाशे नव्वद. एकशे दहा कमी. म्हणजे साडेपाच हजारांचं बिल कुठून तरी हवं, आणि तेही सोळा तारखेच्या आत, कारण सोळाला महिन्याचा हिशोब बंद होऊन पॉइंट जमा होतात. वस्तू यायला तीन आठवडे लागतात. ऑगस्टातल्या पॉइंटांची बॅग आली असती ती मित्रा गेल्यावर.

बेबीनंदानं घाबरत घाबरत सुचवलं की उरलेल्याचं मी काहीतरी माझं खरेदी करते. सासूनं फक्त मान हलवली, नाही म्हणून.

साडेपाच हजारांचं लाइट बिल साऱ्या वस्तीत एकाच ठिकाणी येत होतं. गोजरबाईच्या पिठाच्या गिरणीत.

गिरणी गल्लीच्या तोंडाशीच होती, घरापासून ऐंशी पावलांवर. पण सहा वर्षं साळूबाई दळण डोक्यावर घेऊन रूळ ओलांडून पलीकडच्या गिरणीत जात होत्या. सहा वर्षांपूर्वी त्यांनी चार बायांसमोर गोजरबाईला चोर म्हटलं होतं. ज्वारी नऊ किलो दिली, पीठ आठ किलो आलं, एक किलो कुठं गेलं? गोजरबाई म्हणाली की तुझ्या वजनात खोट असंल. शब्दानं शब्द वाढला आणि साळूबाई आपला डबा उचलून निघून आल्या. चौथ्या दिवशी त्यांना कळलं की किराणावाल्याच्या पोरानं ज्वारी डब्यासकट तोलली होती. डबा रिकामा तोलला तर बरोबर एक किलो भरला. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. सुनेलाही नाही. रूळ ओलांडून दळण नेणं त्यांना सोपं वाटलं.

त्या रात्री त्या जेवल्या, पण भाकरी मोजून अर्धीच. सकाळी उठल्या, ठेवणीतलं निळं लुगडं नेसल्या आणि सुनेला म्हणाल्या, जाऊन येते.

लाइट गेलेली होती, म्हणून गिरणी बंद होती. गोजरबाई दाराशी गोणीवर बसली होती, भुवयांपर्यंत पिठानं पांढरी. भिंतीला टेकून दळणाचे डबे रांगेत ठेवले होते. साळूबाईंना बघून ती उठली नाही. रामरामही घातला नाही.

साळूबाई जयभीम म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या. पॉइंट, बॅग, सोळा तारीख हे सगळं त्यांनी वाटेत जुळवून आणलं होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

“गोजरबाई, त्या टायमाला त्या पोरानं डबा धरून तोललं व्हतं. तुझी चोरी नव्हती. मी खोटी पडले.”

गोजरबाईनं हातावरचं पीठ झटकलं. “मला ठावं व्हतं.”

“कवापासून?”

“दुसऱ्याच दिवशी. तेच पोरगं सांगून गेल्तं. म्हणलं बघू, ही कवा येती.” ती जराशी सरकली आणि गोणीवर जागा केली. “सहा वर्षं लावली तू. रूळ वलांडून मरत व्हतीस, मी हितं बसून बघून राह्यले. ज्या दिवशी पाऊस असायचा त्या दिवशी तर लई बरं वाटायचं मला.”

साळूबाई बसल्या. मग दोघींचं किती तरी वेळ गुडघ्यांबद्दल बोलणं झालं. डाव्याला जास्त त्रास की उजव्याला, आणि कोणतं तेल निव्वळ बनवाबनवी आहे. बिलाचा विषय गोजरबाईनंच काढला. गल्लीत काय चाललंय ते तिला सगळं माहीत होतं. गिरणीत बसलेल्या बाईला माहीत नसेल तर कुणाला असणार. तिचं बिल पाच हजार सातशे चाळीस आलं होतं, आणि मुलगा भुजंग उद्या रांगेला जाणार होता.

इथं मात्र तिनं हात आखडला. घरच्या दिव्याचं बिल चुकलं तर अंधारात बसता येतं. गिरणीचं कनेक्शन तुटलं तर चूल बंद. एवढे पैसे हातातून जाणार आणि बदल्यात कॉम्प्युटरवर काय झालं ते ती कसं बघणार? साळूबाईंनी शपथ घातली नाही. त्यांनी गेल्या अकरा महिन्यांचा सगळा पाढा सांगितला, कोणत्या महिन्यात कोणत्या नंबराचं किती बिल आणि पावती कोणत्या वारी दिली. दोनशे सातपासून सुरुवात केली आणि नऊशे अठरावर थांबल्या. एकही आकडा अडला नाही.

गोजरबाईनं ऐकून घेतलं. “हिशोबाला तू पक्की. कबूल करायलाच कच्ची,” ती म्हणाली, आणि आतून गल्ल्याचा डबा घेऊन आली.

गिरणीचा पैसा म्हणजे दहाच्या आणि पाचच्या नोटा, आणि उरलेली चिल्लर. सगळ्यावर पिठाचा हात. दोघींनी मिळून मोजायला पाऊण तास लागला. साळूबाई पदराच्या ओटीत ते वजन घेऊन घरी आल्या तेव्हा त्यांच्या लुगड्यावर समोर पांढरा पट्टा उमटला होता, आणि सून दारात उभी होती.  पट्टा बघून तिला कळलं.

बदनापूरच्या कॅफेत दोन दिवस वीज नव्हती, म्हणून बेबीनंदा चौदा तारखेला शाळा सुटल्यावर थेट बसनं जालन्याला गेली आणि बिल भरून सातच्या गाडीनं परत आली. पावती साळूबाईंनी स्वतः गिरणीत नेऊन दिली. गोजरबाईनं ती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि सांगितलं की बुधवारी दळण घेऊन ये, बुधवारी गर्दी नसते.

सतरा तारखेला पॉइंट भरले अठराशे चार.

बॅग तीन ऑगस्टला आली. कुरिअरवाले बदनापूरपर्यंत येत नव्हते, म्हणून पुंजाराम पाळी सुटल्यावर जालन्याच्या ऑफिसातून खोकं घेऊन आला. खोक्यातून बॅग निघाली ती निळी नव्हती, मरून रंगाची होती. साळूबाईंचं तोंड उतरलं. त्यांनी वर्षभर निळी पाहिली होती. पण मित्रानं बॅगेला हात लावला, चेन उघडली, बंद केली, परत उघडली, आणि विचारलं ही कुणी आणली. पुंजारामनं आईकडं बोट केलं. मित्राला वाटलं पप्पा चेष्टा करतायत. मग बेबीनंदानं तिला सगळं सांगितलं, अगदी पिठाच्या नोटांसकट. मित्रा आजीजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “मरूनच भारी दिसतीय, आज्जी. होस्टेलला निळ्या तर सगळ्यांच्याच असतील.”

“मग बराबर हाय,” साळूबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच बरोबर वाटलं.

दहा तारखेला सकाळच्या गाडीनं निघायचं होतं. रात्रभर भुरभुर पाऊस होता. स्टेशनपर्यंतचा रस्ता चिखलानं भरला होता. पुंजाराम बॅग ओढायला लागला तसं साळूबाईंनी त्याचा हात बाजूला केला. नवी चाकं चिखलात घालायची काय? त्यांनी पदराची चुंबळ केली, सुनेला हात लावायला सांगितलं आणि भरलेली बॅग डोक्यावर घेतली. गुडघ्यांचं काय, असं मुलगा म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. गिरणीपुढून जाताना त्या मुद्दाम सावकाश चालल्या. गोजरबाई बाहेर आली आणि म्हणाली की चाकाची बॅग डोक्यावर नेणारी बाई साऱ्या तालुक्यात एकच. आणि मित्राच्या हातात तिनं भाजक्या गव्हाच्या पिठाची पिशवी दिली.

प्लॅटफॉर्मची फरशी पावसानं धुऊन स्वच्छ झाली होती. साळूबाईंनी बॅग खाली उतरवली, दांडा वर ओढला आणि पाण्याच्या टाकीपर्यंत ओढत नेली, आणि परत आणली. चाकं खडखड वाजली. बाकावर शहागडकडची एक बाई लेकराला घेऊन बसली होती. तिनं कौतुकानं बघितलं आणि विचारलं, केवढ्याला घेतली?

साळूबाई तिच्या शेजारी बसल्या. केवढ्याला म्हणजे, त्यांनी सुरुवात केली, मागच्या ऑगस्टात दोनशे सातचं बिल आलं तीनशे दहा, सहाशे एक्क्याण्णवचं चारशे साठ. शंभराला दोन. ती बाई ऐकत राहिली. मित्रा लाजून आईच्या मागं गेली. गाडीचा आवाज आला तेव्हा साळूबाई नुकत्याच दिवाळीपर्यंत आल्या होत्या. त्यांनी उठून नातीच्या तोंडावरून हात फिरवला, बॅग स्वतः डब्यात चढवली, ती बाकाखाली नीट बसते का ते बघितलं. गाडी हलली, मित्राचा हात दिसेनासा झाला. सून डोळे पुसत होती, पुंजाराम उगाच रुळांकडं बघत होता.

ती बाई दुसऱ्या गाडीची वाट बघत अजून बाकावरच होती. साळूबाई परत येऊन तिच्याजवळ टेकल्या.

“तर मंग नोव्हेंबरात,” त्या म्हणाल्या.